त्या दिवशी तू प्यायला नव्हतास, जनादादा

जनादादा, आधी एक सांगून टाकते. मी तुझ्यावर चिडलेली आहे. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड बोलायचं असतं, एवढी रीत मलाही कळते. पण तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल गोडच बोलतायत, आणि ते ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आलीय. ‘दिलदार माणूस, पण दारूनं नेला.’ चिंचणीच्या नाक्यावर हेच, बोईसरला आमच्या हॉस्पिटलात हेच. तुझा सख्खा भाऊही हेच म्हणाला. आणि ते साफ खोटं आहे. त्या दिवशी तू थेंबभरही प्यायला नव्हतास. ज्यांना हे ठाऊक आहे ते गप्प आहेत, आणि ज्यांना ठाऊक नाही ते हळहळतायत.

मी तुला ‘मेल्या’ म्हणायचे. ‘मेल्या, परत आलास?’ असं म्हणूनच मी तुझ्या हाताला सलाईनची सुई लावायचे, आणि तू डोळे मिटूनच दात दाखवायचास. आताही तुझ्याशी बोलायला लागले की तोच शब्द आधी तोंडावर येतो. मग गिळावा लागतो.

पहिल्यांदा तुला चौघांनी उचलून आणलं होतं. मासळी विकायला बोईसरला आलास, मासळी विकलीस, आणि बाजाराच्या मागच्या गुत्त्यात जाऊन बसलास. कॅज्युअल्टीत आल्या आल्या माझ्या नव्याकोऱ्या चपलांवर ओकलास आणि वर मलाच आईबहिणीवरून शिव्या घातल्यास. मीही काही कमी बोलले नाही. काही दिवसांनी बघते तर दारात तू उभा, अंघोळ केलेला, केसांना तेल, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील. ‘बाय, त्या दिवशी माझ्या तोंडातून काय वाकडं गेलं असल,’ म्हणालास. मी म्हटलं, तोंडातून बरंच काही गेलं, चपला धुवायला मला अर्धा तास लागला. तू इतका हसलास की बाकावरचे पेशंट वळून बघायला लागले. ते बोंबील मी शिरगावला घरी नेले. माझ्या सासूबाई अजून त्यांची आठवण काढतात.

मग तू येतच राहिलास. आमच्या मागच्या खोलीत, ड्रेसिंगच्या सामानाशेजारी, जमिनीवर रेक्झिनची गादी टाकलेली असते. प्यायलेला माणूस कॉटवरून पडतो, म्हणून त्याला खालीच झोपवायचं. डाव्या कुशीवर वळवायचं, पाठीशी उशी लावायची, म्हणजे ओकला तरी घशात अडकत नाही. शेजारी बादली ठेवायची. शुगर बघायची. मग सलाईन, त्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन. त्यानं पाणी पिवळं होतं, म्हणून सगळे त्याला पिवळी बाटली म्हणतात. आणि मधूनमधून हलवून उठवायचं, नाव विचारायचं, गाव विचारायचं. पगारानंतरच्या रविवारी तिथं कंपन्यांतले कामगार एकाला एक लागून झोपलेले असायचे. ‘सिस्टर, हमने नहीं पी है, घर जाने दो,’ असा त्यांचा घोशा चालू असायचा आणि तू मधे पडल्या पडल्या त्यांना दटावायचास. पिवळी बाटली लागली की बरं वाटंल, गप पडा, बायला त्रास देऊ नका. तू तिथला जुना माणूस ना. तुझ्या हुकमानं ते खरंच गप व्हायचे.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं, दादा. उतरल्यावर तू चहाचा कप हातात घेऊन भिंतीला टेकून बसायचास आणि मला शिकवायचास. तुझं म्हणणं, आमी सुधारत नाय ते तुमच्यामुळे. तुमी गादी टाकता, बाटली लावता, वर चहा पाजता. उठलो की माणूस ताजातवाना. मग परत प्यायला मोकळा. एकदा आमाला रस्त्यावर पडू द्या, कुत्र्यानं तोंड चाटलं की उतरंल सगळी. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. मी म्हणायचे, रस्त्यावर पडलेला माणूस सकाळी उठतोच असं नाही, मी बघितलेत ते, तू नाही बघितलेस. माणूस जिवंत तर राहू दे, सुधारायचं नंतर बघू. तू मान हलवायचास, पटल्यासारखी नाही, समजूत काढल्यासारखी. तुला मी हरवू शकले नाही कधी. आता तर तू असा पुरावा देऊन गेलास की मी बोलायचीच बंद झाले.

कारण तुला आम्ही रस्त्यावर टाकलं असतं ना, तर कुणी अनोळखी माणसानं उचलून भलत्याच दवाखान्यात नेलं असतं. तिथला अनोळखी डॉक्टर तुझ्यावर वाकला असता आणि त्यानं विचारलं असतं, काका, काय होतंय?

दारू सोडलीस ती कुणाच्या सांगण्यावरून नाही, हेही मला माहीत आहे. तुला न्यायला दर वेळी हिरावैनी यायची. धुतलेला सदरा, लेंगा पिशवीत. तुझ्याशी एक शब्द बोलायची नाही, पण सदऱ्याची बटणं स्वतः लावायची. शिमग्यानंतर एकदा ती आलीच नाही. रिक्षावाल्या संतोषबरोबर कपड्यांची पिशवी तेवढी धाडली. तू ती पिशवी मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिलास. मी दोनदा म्हटलं, जा आता घरी. तू म्हणालास, ‘बाय, हिरा आली नाय.’ एवढंच. 

पुढच्याच आठवड्यात येऊन तू मला बाजूला घेतलंस. सोडतोय म्हणालास. असं एकदम सोडलं तर झटके येतात, म्हणून मी तुला डॉक्टरकडे जायला सांगितलं. इथं नको, इथं सगळे हसतील, असं तुझं म्हणणं. मग पालघरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या घेतल्यास, हात थरथरायचे, रात्र रात्र झोप नसायची, तरी तू टिकलास. दर बाजाराच्या दिवशी कॅज्युअल्टीच्या खिडकीशी येऊन नुसती मान हलवायचास, म्हणजे अजून सोडलेलीच आहे. मी आतून मान हलवायचे. प्रतीक्षा, आमची नवी सिस्टर, विचारायची, हे काय चाललंय तुमचं? मी काही सांगितलं नाही. कारण तू मला महालक्ष्मीची शपथ घातली होतीस.

कशासाठी, तर नारळी पुनवेसाठी. गेली काही वर्षं तुमच्या होडीचा नारळ तुझ्या हातात देत नव्हते. थोरला तू, पण पुनवेच्या दिवशी तू शुद्धीवर नसायचास, म्हणून मान धाकट्याकडे गेला. तुला यंदा अंघोळ करून, सोवळ्यानं किनाऱ्यावर उभं राहायचं होतं आणि सगळ्यांसमोर हात पुढे करून नारळ मागायचा होता. त्याआधी कुणाला कळायला नको. हिरालाही नको. ‘आधी बोललो आन् मधेच घसरलो तर गाव हसंल, बाय. एकदाच दाखवीन.’ मला ते तेव्हा भारी आवडलं होतं. म्हटलं, दाखव बाबा एकदा. तुझी शपथ मी पाळली. मला कुणी त्याबद्दल बोल लावला तरी मी तो घेणार नाही. पण तुला लावणार. कसली रे मेली हौस ती, गुपचूप सुधारायची? वाईट झालास तेव्हा गावभर मिरवत झालास. चांगलं होतानाच तोंडाला कुलूप का लावलंस?

त्या दिवसाचं मी नंतर एकेकाला विचारून जमवलंय. मासेमारी बंद होती, होडी वर काढलेली. तिच्या बुडाला रंग देताना तू खालून उठलास आणि डोकं लाकडावर आपटलं. टेंगूळ आलं, तू हसून सोडून दिलंस. दोनेक आठवड्यांनी डोकं ठणकायला लागलं, ते थांबेना. हिरावैनी पाठीच लागली म्हणून तू दुपारी बोईसरला निघालास. आमच्याकडेच यायला. संतोषच्याच रिक्षात बसलास. बोईसरच्या नाक्यावर उतरताना तुझा पाय लटपटला आणि बोलणं जड झालं. संतोषनं बघितलं, हसला, तुला परत आत बसवलं आणि थेट कॅज्युअल्टीच्या दारात आणून सोडलं. ‘तुमचं गिऱ्हाईक आणलंय,’ म्हणाला. त्याला तरी काय बोलू? पैसे न घेता आणलं त्यानं.

मी त्या दिवशी सुट्टीवर, शिरगावात भावाच्या मुलीचं बारसं. प्रतीक्षा होती. ती वाईट पोरगी नाही, दादा, ते मी तुझ्यासमोरही म्हणेन. कुणी तुला हिडीसफिडीस केलं नाही. गादी पुसून घेतली, पंखा तुझ्याकडे वळवला, डाव्या कुशीवर झोपवलं, बादली ठेवली. शुगर बघितली, बरोबर आली. डॉक्टर नवे होते, पण त्यांनीही तुला दोनदा तिथंच झोपलेलं पाहिलं होतं. दारातूनच म्हणाले, नेहमीचं लावा. पिवळी बाटली लागली. तू हात वर करून ‘नाय, नाय’ म्हणत होतास. जीभ वळत नव्हती, तरी तेवढं म्हणत होतास. प्रतीक्षानं तुझ्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘हो काका, नाही प्यायलात तुम्ही. झोपा आता.’

हे तिनंच मला सांगितलं, हुंदके देत. पिऊन आलेला प्रत्येक माणूस तेच म्हणतो, ताई. बरोबर आहे तिचं. मीही हजारदा ऐकलंय. आणि नाव-गाव विचारायचं तर तुझं कशाला विचारायचं? तुझं नाव तर वॉचमनपासून सगळ्यांना पाठ. झोपला, घोरायला लागला, सगळ्यांना हायसं वाटलं. तिनं हिरावैनीला फोनही केला, काळजी नको म्हणून. काका आलेत नेहमीसारखे, संध्याकाळी घेऊन जा.

संध्याकाळी पाळी बदलली. दुसऱ्या सिस्टरनं डोळ्यात बॅटरी मारली तर एक बाहुली मोठी, एक लहान. मग धावपळ. ॲम्ब्युलन्स, ऑक्सिजन, पुढे मोठ्या हॉस्पिटलात. तिथं डोक्याचं स्कॅन झालं. रक्त साठून मेंदू दाबला गेला होता. टेबलावर घ्यायच्या आधीच तू गेलास. तिथल्या डॉक्टरनं आमच्या डॉक्टरला फोनवर चांगलं झापलं. रक्त तपासलं, दारूचा अंशही नाही, तुम्ही कशावरून ठरवलंत?

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर आले तेव्हा हे सगळं मला चहाच्या खोलीत दार लावून सांगण्यात आलं. मी काय बोलले ते सांगत नाही. डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, सिस्टर, इतकी वर्षं पिणाऱ्या माणसाच्या डोक्यात असा रक्तस्राव सहज होतो, लवकर पाठवलं असतं तरी वाचले असते असं नाही. असेलही. मला तेवढं ज्ञान नाही. पण मग तोंडाशी जाऊन बघायला काय पैसे पडत होते?  नंतर सगळ्यांचं एकच सुरू झालं. चिंचणीला जाऊ नका. घरचे भडकतील, माणसं घेऊन येतील, काचा फुटतील, प्रतीक्षाची नोकरी जाईल. आणि सांगून काय होणार, माणूस परत येणार आहे का? गावाला वाटतंय दारूनं गेला, तर वाटू दे. तसं तर ते कधीपासूनच म्हणत होते.

मी गप्प बसले, दादा. नोकरी प्रतीक्षाची होती, माझी नव्हती. तिला लहान पोर आहे. तुझ्या बाजूनं एक पारडं भरायचे आणि तिच्या बाजूनं दुसरं. असे सगळे दिवस काढले.

परवा तुझा दहावा. मी गेले. बायकांत न बसता किनाऱ्यावर लांब उभी राहिले. पिंड ठेवले होते, भाताशेजारी सुरमईचा तुकडा, तुझी तंबाखू, आणि सगळे कावळ्याची वाट बघत होते. कावळे समोरच्या होडीवर बसलेले, एकही खाली येईना. कुणी म्हणालं, धाकट्याला वचन द्यायला लावा, पुनवेचा नारळ दादाच्या नावानं सोडीन म्हणून. कुणी म्हणालं, हिरात जीव अडकला असंल. तेवढ्यात तुझ्या भावानं खिशातून क्वार्टर काढली, बूच उघडलं आणि पिंडाशेजारी ठेवली. ‘जनादादाला हेच पायजे,’ म्हणाला. त्याचे डोळे भरलेले होते. बाकीचे ओल्या डोळ्यांनी हसले. सगळ्यांना वाटलं, आता शिवणार.

मला तिथं ओरडायचं होतं.  इतके महिने दात-ओठ खाऊन ज्या बाटलीला तू हात लावला नाहीस, ती मेल्यावर तुझ्या पानात वाढली, आणि तीही प्रेमानं. आमच्या लोकांनी पिवळी बाटली लावली, तुझ्या लोकांनी ही. कावळा शिवला की नाही ते बघायला मी थांबले नाही. तशीच वळले आणि तुझ्या घरी गेले.

हिरावैनी मागल्या दारी एकटीच होती. मी बसले. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही आठवेना. प्रतीक्षाचं पोर डोळ्यासमोर आलं, काचा आल्या, सगळं आलं. तरी बोलले. त्या दिवशी तो प्यायला नव्हता वैनी, आमच्याकडून चूक झाली. त्यानं सोडली होती, नारळी पुनवेला तुला सांगणार होता. सगळं सांगितलं, फोनचंही. आता ती ओरडेल, मला मारेल, असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, सोडलेली तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. लग्न झाल्यापासून ताट वाढायच्या आधी ती तुझ्या तोंडाशी नाक नेऊन बघायची, ती सवय जाते थोडीच. तुला ते गुपित ठेवायचंय हेही तिच्या ध्यानात आलं. म्हणून तीही गप्प राहिली, तुझा पुनवेचा आनंद जाऊ नये म्हणून. नवीन लुगडंसुद्धा आणून ठेवलं होतं.

‘पन फोन आला आन् मी मानलं, बाय. वाटंत घसरला म्हटलं. लई राग आला. उठलेच नाय, बसून राहिले हितंच.’ मग म्हणाली, ‘रात्री घरी आणला तेवा आधी तोंडाशी गेले. औषधांचा वास होता. दारूचा नव्हता.’



‘तिथं एवढी माणसं होती,’ ती म्हणाली. ‘कोनी एकानं तरी त्याच्या तोंडाचा वास घेतला का?’

‘नाही, वैनी,’ मी म्हणाले. ‘सगळे त्याला ओळखत होते.’